युरोपातला हिवाळा, तळघरातला ट्रेनर आणि मे महिन्यातली हाफ आयर्नमॅन: सायकलचं काय करू?

नेकारकाठची

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे. माहेर पुण्याचं, लहानपण टिळक तलावावर गेलं, त्यामुळे पोहण्याची चिंता नाही. धावणंही बरं आहे, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते. सायकल मात्र माझी दुखरी नस. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये पाण्यातून बऱ्यापैकी पुढे निघते आणि मग ४० किलोमीटरभर लोक डावीकडून मला ओलांडत राहतात.

आता मे अखेरची क्राइशगाउची ७०.३ (म्हणजे हाफ आयर्नमॅन) भरून बसले आहे. हार्डझे तलावात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं. त्या भागाला इथे हजार टेकड्यांचा मुलूख म्हणतात, तेव्हा सायकलवर काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज घ्या.

अडचण अशी की डिसेंबरात इथे सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. ऑफिस, मुलांची शाळा वगैरे धरून आठवड्याला तिन्ही खेळ मिळून आठ तास मिळतात, फार तर नऊ. तळघरात डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर (मागचं चाक काढून सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र) आहे. रॅम्प टेस्टमध्ये (पाय थकेपर्यंत जोर वाढवत न्यायची चाचणी) शेवटचं मिनिट २२० वॉट गेलं, म्हणजे ॲपच्या हिशोबाने एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकेल एवढा जोर, १६५. वजन ५८.

इथल्या क्लबातले लोक सांगतात की हिवाळाभर दर रविवारी तीन तास शांतपणे पेडल मारायचं, बाकी काही नाही. तळघरात तीन तास भिंतीकडे बघत बसायची माझी तयारी नाही, पण तेच बरोबर असेल तर करीन. शिवाय नाताळाच्या आसपास तीन आठवडे पुण्याला येणार आहे. त्याचा उपयोग कसा करू?

मिसळवीर

तीन आठवडे पुण्यात, तेही लग्नसराईत? ताई, एफटीपीचं विसरा. वजन ६१ होणार एवढं नक्की सांगतो.

घाटमाथा

मिसळवीरला माफ करा, तो असाच आहे.

ताई, स्पर्धेपासून मागे मोजत या. क्राइशगाउमध्ये तुम्ही सायकलवर सव्वातीन-साडेतीन तास असाल. तेवढा वेळ एफटीपीच्या ७५ ते ८० टक्क्यांवर काढायचा, म्हणजे आजच्या आकड्याने १२५ ते १३० वॉट. चढावर थोडं वर जाईल, पण एकूण ही स्पर्धा दम लागण्याची नाही, टिकण्याची आहे. म्हणून तिच्यासारखा सराव, म्हणजे लांब, मध्यम जोराचा, एरोबारवर (हँडलबारच्या पुढे कोपरं टेकायच्या दांड्या) वाकून केलेला, स्पर्धेच्या जवळ यायला हवा: मार्च, एप्रिल, मेचा पहिला पंधरवडा. नेमका तेव्हाच तुमच्याकडे उजेड वाढतो आणि रस्ते कोरडे होतात.

मग डिसेंबर ते फेब्रुवारीत काय? छत वर उचलायचं. १६५ चे १७८-१८० झाले तर त्याच ७५ टक्क्यांत तुम्हाला जवळपास दहा वॉट फुकट मिळतात. आणि हे काम ट्रेनरवर तासाभरात होतं, तीन तास लागत नाहीत. लांब पल्ल्याच्या ट्रायथलीटसाठी थंड देशांत हा उलटा क्रम बरेच प्रशिक्षक वापरतात: आधी तीव्रता, मग लांबी.

आठवड्याला सायकलच्या तीनच बैठका. पहिली कडक. १५ मिनिटं वॉर्म-अप, मग ३ मिनिटांचे पाच तुकडे १८० ते १९० वॉटवर, मध्ये ३ मिनिटं अगदी हलकं. दोन-तीन आठवड्यांनी तुकडे ४ मिनिटांचे करा. दुसरी बैठक उंबरठ्याची, म्हणजे एफटीपीच्या आसपासची: ८ मिनिटांचे चार तुकडे, १६० ते १६८ च्या दरम्यान. पहिला तुकडा सोपा वाटायला हवा. पहिल्यातच धाप लागली तर चौथा होत नाही, मग आकडा खाली घ्या. तिसरी शनिवार-रविवारी दीड तास, ९५ ते १२० वॉट, गप्पा मारता येतील असं. दीड तासाच्या वर ट्रेनरवर बसू नका. कंटाळा येतो म्हणून म्हणत नाही, तो वेळ तुम्हाला धावण्यासाठी आणि व्यायामशाळेसाठी हवा आहे.

तीन आठवडे चढवायचं, चौथा आठवडा साधारण निम्म्यावर आणायचा. पुण्याला यायच्या आधीचा आठवडा हलका येईल असं जुळवा.

निफाडकर

घाटमाथा सर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे काही पटलं नाही. पाया नसताना छत कशावर उचलणार? मी हिवाळाभर नाशिकहून २०० किमीच्या बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइड) करतो, पहाटे निफाडच्या बाजूला बोटं बधिर होतात तरी बाहेरच. अंगात जे काही आलंय ते त्या संथ किलोमीटरमधून. आणि ते नॉर्वेत शिकवणारे व्यायामशास्त्रज्ञ सायलर, त्यांनीच तर दाखवलं ना की वरच्या दर्जाचे खेळाडू ८० टक्के सराव हलका करतात? इथे तर तीनातल्या दोन बैठका कडक झाल्या.

घाटमाथा

निफाडकर, सायलर यांनी अभ्यास केला तो मुख्यतः आठवड्याला दहा-बारा किंवा जास्त बैठका करणाऱ्यांचा. शिवाय तो ८०-२० बैठकांचा हिशोब आहे, मिनिटांचा नाही, आणि सगळे खेळ मिळून मोजायचा. ताईंच्या आठवड्यात सायकलच्या तीन, धावण्याच्या तीन, पोहण्याच्या दोन. आठातल्या दोन कडक. धावणं पूर्ण हलकं ठेवलं की गणित तुमच्याच बाजूने येतं.

पाया म्हणाल तर ज्या बाईची हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत होते तिच्या हृदयाला आणि फुप्फुसांना पाया आहे. कमी आहे ती मांड्यांची पेडलवरची ताकद.

आणि तुमचा हिवाळा म्हणजे सायकलचा सुगीचा हंगाम हो. तिथे ओल्या पानांवर दोन अंशांत, अंधारात २०० किमी कोण मारणार?

निफाडकर

बरं. बैठकांचा मुद्दा मान्य. पण मार्चमध्ये एकदम तीन-चार तासांवर उडी मारली तर गुडघे बोलतील. फेब्रुवारीपासून रविवारची राइड तरी दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत न्या.

घाटमाथा

हे बरोबर आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून.

रंकाळ्याची_फेरी

कोल्हापूरकरांच्या वतीने एक मुद्दा. आमच्याकडे हा प्रश्न पावसाळ्यात येतो. गोव्याची ७०.३ (२०१९ पासून, ऑक्टोबर नाहीतर नोव्हेंबर) म्हटली की जून ते सप्टेंबर आमचा मुक्काम ट्रेनरवर. आंबा घाट, गगनबावडा सगळं धुक्यात, रस्त्यावर खड्डा आहे की डबकं ते पुढचं चाक आत गेल्यावर कळतं.

फरक असा की आमचा पाऊस संपतो आणि स्पर्धा दारात उभी. लांब राइड 'नंतर बाहेर करू' म्हणायची सोय नाही. म्हणून आम्हाला ऑगस्टात तीन-तीन तास ट्रेनरवर काढावेच लागतात. ताई, तुमच्याकडे फेब्रुवारी ते मे मोकळे आहेत, घाटमाथांचा उलटा क्रम तुम्हाला लागू पडतो. गोव्यावाल्यांनी आंधळेपणाने उचलू नका, एवढंच सांगायचं होतं.

अजून एक. आम्ही शेवटचे दहा-बारा दिवस हलक्या बैठकांना पंखा मुद्दाम कमी करतो, मिरामारच्या उकाड्याची सवय व्हावी म्हणून. तुम्ही ते अजिबात करू नका. तुमचा पंखा फुल्ल.

डबल_चेनरिंग

पंख्याचा विषय निघालाच आहे तर थोडं लिहितो, कारण ट्रेनरवर वॉट पडत नाहीत म्हणून रडणाऱ्यांतल्या निम्म्यांना फक्त वारा हवा असतो. टेबलफॅन नको. जमिनीवर ठेवायचा मोठा पंखा घ्या, समोरून थोडा तिरका, छाती आणि चेहऱ्यावर येईल असा. बाहेर ३० च्या वेगाने जाताना जो वारा आपोआप मिळतो तो तळघरात शून्य असतो. मग घाम वाळत नाही, अंग तापतं, रक्त त्वचेकडे वळतं, आणि तेवढ्याच वॉटला ठोके दहा-पंधराने वर. लोकांना वाटतं फिटनेस गेला.

हँडलबारवर टॉवेल, आणि महिन्यातून एकदा हेडसेटचा (हँडलबार फ्रेममध्ये फिरतो तो सांधा) वरचा बोल्ट उघडून बघा. घामाचं मीठ तिथे झिरपतं, आतल्या आत गंज धरतो आणि एके दिवशी बोल्ट फिरतच नाही. एरोबारच्या पॅडखालचे स्क्रूसुद्धा.

एर्ग मोड (ठरवलेले वॉट ट्रेनर स्वतःच राखतो तो) उंबरठ्याच्या बैठकीला ठीक आहे. ३ मिनिटांच्या कडक तुकड्यांना बंद ठेवा, गिअर स्वतः बदला. एर्गमध्ये केडन्स (पेडल फिरवण्याचा वेग) जरा घसरला की मशीन जोर वाढवतं, तुम्ही आणखी हळू होता, ते आणखी वाढवतं, आणि चिखलात चाक रुतल्यासारखे पाय जागच्या जागी थांबतात.

ट्रेनरवर सायकल डुलत नाही, सगळं वजन एकाच जागी. दर दहा मिनिटांनी वीसेक सेकंद उभ्या राहा. जाड पॅडची शॉर्ट घेऊन हा प्रश्न सुटत नाही, उभं राहून सुटतो.

आणि एफटीपीबद्दल शंका आहे. रॅम्प टेस्ट शेवटच्या मिनिटाच्या ७५ टक्के धरते. कमी वेळात फुटणारा जोर ज्यांच्यात जास्त आहे त्यांना ती फुगवून आकडा देते. खात्री करायची तर १५५ वॉटवर २० मिनिटांचे दोन तुकडे करा, मध्ये ५ मिनिटं विश्रांती. दुसऱ्याच्या शेवटी तोंडातून शिवी येईल पण पाय चालू राहतील, असं असेल तर १६५ खरे. नाहीतर १५७-१५८ धरून चाला.

नेकारकाठची

बापरे, किती लिहिलंत. धन्यवाद सगळ्यांना. चेनरिंगदादा, काल लगेच २० चे दोन करून पाहिले. पहिला झाला. दुसऱ्याच्या चौदाव्या मिनिटाला पाय संपले. तर १५८ धरते. थोडं वाईट वाटलं.

अजून एक. बाहेर अजिबातच जाऊ नको का? कोरडा रविवार असला की जीव तुटतो.

टोरांटोचा_भाऊ

जा की. फक्त रोड बाइक घरी ठेव.

मी इथे उणे पाचपर्यंत बाहेर जातो, पण जंगलातल्या पायवाटांवर, माउंटन बाइकने. वेग कमी म्हणून वारा कमी. शून्य अंशात ३० च्या वेगाने गेलं की अंगाला उणे साडेसहा लागतं, आणि तेही हवा स्थिर असताना. जंगलात १५ ने जाताना तेवढं बोचत नाही, आणि झाडं वारा अडवतात ते वेगळं.

डांबरी रस्त्यावर खरं संकट थंडीचं नाही, काळ्या बर्फाचं. तापमान तीन-चारच्या खाली आणि रस्ता ओला असेल तर विषय बंद. हवेत तीन दाखवत असलं तरी पुलावर आणि सावलीतल्या वळणावर रस्ता शून्याखाली असू शकतो. पुलाखालून वारा जातो म्हणून तो आधी गोठतो. पडलीस तर मनगट किंवा कॉलरबोन, आणि मग पोहणं-सायकल दोन्ही महिनोन्महिने बंद.

पायांसाठी बुटावरचं कव्हर लागतंच, पण बूट अर्धा नंबर मोठा असला तर जास्त फरक पडतो. दोन मोजे कोंबून बूट आवळला की रक्त अडतं आणि बोटं आणखी गार. परत आल्यावर चेन लगेच पुसून तेल. रस्त्यावर टाकलेलं मीठ आठवडाभरात चेन तांबडी करतं.

आणि जंगलातल्या राइडला वॉट बघू नकोस. तो दिवस मन मोकळं करायला.

सांधेवाली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण हा सल्ला सर्वसाधारण समजा.

वरच्या चर्चेत सगळे सायकलीवर बोलले. घाटमाथांनी व्यायामशाळेचा उल्लेख करून सोडून दिला, मला वाटतं हिवाळ्यात तिचं महत्त्व दीड तासाच्या राइडइतकंच आहे. आठवड्याला दोनदा, ४० मिनिटं: स्क्वॅट, डेडलिफ्ट, एका पायावरची स्टेप-अप, पोटऱ्यांसाठी काफ रेझ, आणि पाठीसाठी ओढण्याचा एखादा प्रकार. वजन असं की पाच-सहा वेळा उचलता येईल आणि आणखी दोनदा जमलं असतं असं वाटेल. पंचवीस-तीस वेळा हलकं वजन हलवत बसू नका, दमाचं काम तिन्ही खेळांत भरपूर होतंय.

कुठे बसवायचं? कडक सायकलच्या दिवशीच, संध्याकाळी. लोक नेमकं उलटं करतात. मंगळवारी सायकल, बुधवारी वजनं, गुरुवारी परत सायकल, आणि पायांना रिकामा दिवसच मिळत नाही. कडक दिवस खूप कडक करा म्हणजे हलका दिवस खरोखर हलका राहतो. लांब पळणं वजनांच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका.

धावणं तुमचं चांगलं आहे म्हणून ते कमी करू नका आणि वाढवूही नका. हिवाळ्यात सायकलवर जोर वाढला की पोटऱ्या आणि मांडीचा मागचा भाग आखडतो, आणि त्यातच उत्साहाने पळणं वाढवलं की टाचेवरची शीर धरते. माझ्याकडे फेब्रुवारीत येणारे ट्रायथलीट बहुतेक याच वाटेने येतात.

एक बायकांसाठी. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, विशेषतः शाकाहारी असाल आणि पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर. हिमोग्लोबिन ठीक दिसूनही फेरिटिन खाली असू शकतं, आणि मग कितीही सराव केला तरी जिना चढताना धाप लागते. जर्मनीच्या हिवाळ्यात उन्हातून व्हिटॅमिन डी जवळजवळ मिळत नाही, आपल्या रंगाला तर आणखी कमी. डॉक्टरांना विचारून तेही तपासा. मनाने लोहाच्या गोळ्या घेऊ नका. आणि पाळी पुढेमागे व्हायला लागली, थांबली, तर समजा खाणं कमी पडतंय. तेव्हा सराव कमी करून डॉक्टर गाठा.

मिसळवीर

खाणं कमी पडतंय! हे ऐकायलाच मी या धाग्यावर थांबलो होतो.

सांधेवाली

मिसळवीर, तुमच्या बाबतीत नाही.

डबल_चेनरिंग

तासाभराच्या बैठकीला पाणी आणि चिमूटभर मीठ पुरे. दीड तासाच्या वर गेलं की तासाला ६० ग्रॅम कर्बोदकांची सवय आत्तापासून लावा, स्पर्धेत ती लागणारच आहे. पोटालाही सराव लागतो. मी दोन केळी आणि खजूर यावर भागवतो. चिक्की चवीला छान, पण कडक तुकड्यात चावता येत नाही.

नेकारकाठची

सांधेवालीताई, फेरिटिनचं पुढच्याच आठवड्यात बघते.

तर मी असा आठवडा मांडलाय. सोमवार सुट्टी. मंगळवार सकाळी ३ मिनिटांचे कडक तुकडे, संध्याकाळी वजनं. बुधवार पोहणं आणि ४० मिनिटं हलकं पळणं. गुरुवार सकाळी ८ मिनिटांचे चार, संध्याकाळी वजनं. शुक्रवार पोहणं. शनिवार दीड तास सायकल, लगेच २० मिनिटं पळणं. रविवार लांब पळणं, सव्वा तास. ठीक आहे का?

घाटमाथा

शनिवारचं ब्रिक (सायकलनंतर लगेच पळणं) काढा. उतरल्यावर पाय लाकडासारखे वाटतात ती सवय चार-सहा आठवड्यांत लागते, मार्चपासून पुरेशी आहे. त्याऐवजी तेच २० मिनिटांचं पळणं शुक्रवारी पोहण्यानंतर घ्या. आणि शनिवारच्या दीड तासातली १० मिनिटं एरोबारवर, मग ५ वर, परत १० खाली. मान आणि खांद्यांना मे महिन्यात पहिल्यांदा कळायला नको की दोन तास वाकायचंय.

मुलं आजारी पडली, ऑफिसात काही निघालं, तर आधी गुरुवारची वजनं सोडा, मग शनिवारची राइड आखडा. मंगळवार सोडू नका.

निफाडकर

आणि पुण्यातले तीन आठवडे? तो तर फुकटचा कॅम्प आहे. तिकडचे लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे मोजून स्पेनच्या मायोर्का बेटावर जातात.

घाटमाथा

बरोबर. पुण्यात कडक तुकडे बंद, फक्त लांब. उजाडतं सातच्या सुमारास, तेव्हा लाइट लावून साडेसहाला निघा, थंडी असली तरी आर्मवॉर्मर पुरतात. पहिल्या आठवड्यात खडकवासला-पानशेत, जरा चढउतार आहे, परतीला नाश्ता. दुसऱ्यात बोपदेव घाटाने सासवड. परत येताना दिवे घाटाने येऊ नका, ट्रक फार असतात. बोपदेवनेच उतरा, कुत्र्यांकडे लक्ष ठेवून. तिसऱ्यात सिंहगड, पण शनिवार-रविवार टाळा, अर्ध्या पुण्याच्या गाड्या त्या घाटात असतात. आठवड्याला दोन लांब राइड, बाकी लग्नं करा.

फक्त पहिले दोन-तीन दिवस जोर लावू नका. प्रवास, झोपेची उलथापालथ आणि पुण्याची धूळ तिन्ही एकदम घशात येतात.

नेकारकाठची

हे ऐकूनच बरं वाटलं. पण सायकल विमानाने आणणं परवडणार नाही, बॉक्सचे पैसे बघून डोळे पांढरे झाले. भाड्याने चांगली रोड बाइक मिळते का पुण्यात?

डबल_चेनरिंग

भाड्याने कशाला? माझ्या बायकोची ५२ सेंमी फ्रेमची सायकल पडून आहे. उंची किती तुमची?

नेकारकाठची

१६३. खरंच चालेल?

डबल_चेनरिंग

चालेल. तुमचे पेडल आणि बूट घेऊन या. तुमच्या सायकलची बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या दांड्या जिथे फ्रेमला जोडतात तिथल्या आसाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंतची उंची आणि सॅडलच्या टोकापासून हँडलबारपर्यंतचं अंतर टेपने मोजून आधी पाठवा, मी लावून ठेवतो. सॅडल रुंद हवी असेल तर तीही तुमचीच आणा, बॅगेत मावते.

नेकारकाठची

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

मिसळवीर

पानशेतच्या नाश्त्याला मी येतो. चारचाकीने.